साठ की त्र्याहत्तर?

वाद्य विकत घ्यायचं तर माणूस महिनोन्‌महिने चार जाणकारांना विचारतो, हप्ते बसवतो, घरच्यांची समजूत काढतो. आणि ज्या तुकड्याने त्याच्या तारा छेडायच्या, ती नखी (गिटारवाल्यांचं ‘पिक’) मात्र दुकानाच्या काउंटरवरच्या बरणीत हात घालून, हाताला लागेल ती उचलतो. मग आवाज पातळ येतो, मनगट दुखतं, लय सुटते, आणि या सगळ्याचं खापर वाद्यावर फुटतं.

मी डब्लिनमध्ये राहतो आणि टेनर बँजो वाजवतो. आयरिश पारंपरिक संगीतातला हा चार तारांचा बँजो. अमेरिकन ब्लूग्रासमधला पाच तारांचा, बोटांत नख्या घालून वाजवायचा, तो वेगळा. आमचं सगळं काम चिमटीतल्या एकाच नखीवर चालतं, म्हणून तिचे एवढे चोचले. हे संगीत ऐकायचं तर सेशनला जावं, म्हणजे पबमधल्या एखाद्या टेबलाभोवती जमून वाजवण्याच्या बैठकीला. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागातला कॉबलस्टोन पब त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तशी टेबलं गावोगावच्या पबमध्ये असतात. भोवती फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, कॉन्सर्टिना (हातात मावणारी छोटी भात्याची पेटी), नशीब असेल तर इलियन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. समोर कागद कुणाच्याच नसतो. एक धून दोन-तीनदा फिरवायची आणि न थांबता पुढचीत शिरायचं.

इथल्या बँजोवाल्यांच्या गप्पांत नखीला नाव नसतं, आकडा असतो. ‘तू साठ वापरतोस की त्र्याहत्तर?’ हे मिलिमीटरचे शतांश. डनलॉप कंपनीच्या नायलॉनच्या नख्या ०.४६, ०.६०, ०.७३, ०.८८ आणि १ मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. जाडी वाढेल तसा करडा रंग गडद होतो आणि एक मिलिमीटरची थेट काळी असते. साठ आणि त्र्याहत्तर यांत फरक तेरा शतांश मिलिमीटरचा. बोटांना तो डोळे मिटूनही कळतो, आणि ज्याला कळत नाही त्याला शेजारचा फिडलवाला कळवतो.

एवढ्याशा फरकावर तासभर बोलणारी माणसं वेडी नाहीत. प्रश्न ट्रेबलचा आहे. बँजोचा स्वर टिकत नाही. तार छेडली की ठणकून लगेच विझते. फिडलवाला गज न उचलता स्वर लांबवतो, बासरीवाला फुंकर चालू ठेवून बोटांनी स्वर घोळवतो. बँजोवाल्याला लांब स्वराची जागा भरायची तर तीच तार झटपट तीनदा छेडावी लागते: खाली, वर, खाली. हा ट्रेबल. रील, म्हणजे जलद नाचाची धून, मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास चालला असेल, तर हे तीन आघात पाव सेकंदाहून जरा जास्त वेळात उरकायचे असतात. शिवाय तिन्ही सुटे ऐकू आले पाहिजेत.

हेच एकदा अगदी सावकाश करून पाहावं. नखीचं टोक तारेला टेकतं, तार थोडी बाजूला ढकलली जाते, टोक वाकतं आणि निसटतं. ते निसटलं की आवाज होतो. त्याआधीचं सगळं नुसतं ढकलणं. जाड नखी वाकत नाही, त्यामुळे ढकलण्याचा सगळा भार मनगटावर येतो आणि तार सुटायला उशीर होतो. पहिला आघात दमदार, दुसरा अडखळता, तिसरा पुढच्या स्वरावर जाऊन आदळलेला. पातळ नखी स्वतः वाकून वाट काढते. मात्र ०.४६ इतकी वाकते की तारेआधी नखीच ऐकू येते, पत्ते पिसताना होतो तसा फर्र आवाज. म्हणून बहुतेकांची गाडी फिरून फिरून साठ आणि त्र्याहत्तरच्या मध्ये येऊन थांबते.

माझे बाबा सतार वाजवतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून घेतलेली आहे, आणि तिच्यापुढे माझा बँजो त्यांना अजून खेळणंच वाटतो. त्यांची नखी म्हणजे पोलादी तार वळवून केलेली मिजराब. तर्जनीच्या टोकावर चढवायची आणि पक्की बसवायची.

‘अरे, बोटात रुतल्याशिवाय नखी बसली असं होतच नाही,’ ते व्हिडिओ कॉलवर सांगतात.

‘इथे उलटं आहे बाबा. आता पडते की काय, असं वाटलं पाहिजे.’

‘आणि पडली तर?’

‘दुसरी खिशात असते.’

यावर ते काही बोलत नाहीत, पण चेहरा बोलतो.

मला मात्र नखीची सगळी निवड या ‘पडते की काय’मध्ये दिसते. जाडीचे आकडे पाकिटावर छापता येतात, चिमटीचे येत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या बाहेर टोक किती ठेवलंय त्यावर तीच नखी पातळ किंवा जाड होते. टोक जरा जास्त बाहेर ठेवून सैल धरली तर त्र्याहत्तर साठासारखी लवते. घाबरून मुठीत आवळली तर साठाची अठ्ठ्याऐंशी होते. नवशिक्याला अवघड जागा आली की तो आवळतो. आवळली की ट्रेबल फसतो, तो फसला की माणूस आणखी आवळतो आणि शनिवारी जाऊन नव्या नख्या घेऊन येतो. नख्यांचा निम्मा धंदा अशा आवळलेल्या चिमट्यांवर चालत असावा.

जिग या दुसऱ्या नाचाच्या धुनेत हे जास्त उघड होतं. जिगच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत पडतात. ज्याने दादरा मोजलाय त्याला एवढं सांगावं लागत नाही. वाद आहे आघातांचा. बाबांच्या बोलीत सांगायचं तर ‘दा रा दा, दा रा दा’ की ‘दा रा दा, रा दा रा’? (सतारीत ‘दा’चा आघात आत ओढला जातो, आमचा खाली जातो, तेवढं चालवून घ्यावं.) दुसरी पद्धत हाताला सोपी. खाली-वर, खाली-वर, विचार करायला नको. पहिलीत प्रत्येक गटाची पहिली मात्रा खालच्या आघाताची, म्हणजे वजनाची होते आणि नाचाला लागणारा झोका येतो. पण तिसरा ‘दा’ आणि पुढच्या गटाचा पहिला ‘दा’ हे दोन खालचे आघात लागोपाठ येतात. मध्ये हात रिकामा वर न्यायला क्षणाचाही निम्मा वेळ नसतो. इथे तार लवकर सोडणारी नखी उपयोगी पडते. दोन्ही पद्धतींनी उत्तम वाजवणारे लोक आहेत. मी पहिलीच्या बाजूचा आहे आणि या विषयावर माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एका वाद्यावर हे ठरलं म्हणजे सुटलो, असंही नाही. १९६०च्या दशकात ‘द डब्लिनर्स’ या बँडच्या बार्नी मॅककेनामुळे टेनर बँजो फिडलसारखा, पण एक सप्तक खाली लावण्याची पद्धत सगळीकडे रुळली. मँडोलिन तर नेमकी फिडलच्याच स्वरांत लागते. म्हणजे डाव्या हाताला तिन्ही वाद्यांवर तीच बोटं. लोकांना वाटतं, बँजो आला की मँडोलिन फुकटात आली. डाव्या हाताला आली, उजव्याला नाही. मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने आणि आखूड, कडक ताणलेल्या असतात. साठाची नखी तिथे दोन्ही तारांवरून नुसती टकटक करत जाते आणि खालचं लाकूड जागंच होत नाही. तिथे अठ्ठ्याऐंशी किंवा एक मिलिमीटरची हवी, टोक जरा गोलसर. काही जण त्रिकोणी नखीचा बोथट कोपरा वापरतात.

बुझुकीचं आणखी निराळं. हे मूळचं ग्रीक वाद्य. जॉनी मॉयनिहानने ते १९६०च्या दशकात आयरिश संगीतात आणलं, पुढे १९७२ मध्ये निघालेल्या ‘प्लँक्स्टी’ या बँडमधल्या अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांनी ते असं रुजवलं की आता ते इथलंच वाटतं. लांब तारा, लांबणारा नाद आणि काम बहुतेक साथीचं, त्यामुळे मधली जाडी बरी पडते. गिटारवाले हवी ती घेतात, आणि ती गिटारच्या पोटात पडली की गिटार उलटी धरून हलवत बसतात.

जाडीनंतर पदार्थ. इथे लोक जास्तच हळवे होतात. जुन्या पिढीची लाडकी नखी कासवाच्या कवचाची, तीही हॉक्सबिल या एकाच जातीच्या. कडक तरी लवचीक, तारेवर न घासता सरकणारी. तिची तारीफ इतकी ऐकलीय की हात लावून पाहायचा मोह होतो. पण त्या कंगव्या-चष्म्यांच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या हौसेत ती कासवं संपत आली आणि १९७७ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या करारात त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. (आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले, तिच्या कवचाला नखीवाल्यांनी कधी भाव दिला नाही, हे तिचं भाग्य.) बंदीच्या बऱ्याच आधी, १९२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या लुइजी दांद्रेआने सेल्युलॉइडच्या नख्या काढायला सुरुवात केली होती. कासवाच्या कवचासारखे तपकिरी-पिवळे ढग रंगवलेल्या नख्या आजही दिसतात ना, त्या बहुतेक सेल्युलॉइडच्या. गिटारवाल्यांच्या खिशात असते ती गोलसर त्रिकोणी नखी, तीनशे एक्कावन्न नंबरच्या आकाराची, हाही त्याच घराण्याचा वारसा.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हे वाचून माहीत असणं वेगळं. नव्या नखीची कड जरा खरखरीत वाटली म्हणून मी ती बारीक पॉलिश पेपरवर घासायला बसलो, तर स्वयंपाकघरात आरतीनंतरचा वास पसरला. बायको बाहेरून आली आणि आज काय आहे म्हणून विचारायला लागली. हाच पदार्थ चटकन पेटतोही, त्यामुळे खरा कापूर लावला असेल तेव्हा या नख्या लांब ठेवलेल्या बऱ्या. वाजवायला ती नायलॉनपेक्षा झणझणीत, पण झिजते. बँजोच्या जाड तारांवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यांवर काही सेशन काढली की टोकाला करवतीचे दात येतात. नायलॉन झिजताना गोल होत जातं, आणि थोडं झिजलेलं नायलॉन मला नव्याहून गोड वाटतं.

याखेरीज शिंगाच्या आहेत, दुधातल्या केसीनपासून केलेल्या आहेत, नारळाच्या करवंटीच्याही आहेत. करवंटीचं आपल्याला काय कौतुक, सरोदवाल्यांचा जवा तिचाच असतो. आणि तीस डॉलरहून महाग, खास औद्योगिक प्लॅस्टिकच्याही आहेत. ब्लूग्रासचे मँडोलिनवाले दीड मिलिमीटरच्या आसपासची तसली नखी अंगठीच्या काळजीने जपतात. मला एकाने वाजवायला दिली होती. स्वर खरोखर भरदार आला, ट्रेबल मात्र दगडावर घसरल्यासारखा. त्यांच्या संगीताला ती शोभते. आमचं संगीत नाचणाऱ्यांच्या पायांसाठी झालंय, तिथे प्रत्येक स्वर भरदार असण्यापेक्षा पाय उचलला जाणं महत्त्वाचं.

नखीच नको म्हणणारेही होतेच. १७९२ मध्ये बेलफास्टला जुन्या हार्पवादकांना एकत्र बोलावलं, तेव्हा एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगकडे त्यांच्या धुना लिहून घेण्याचं काम होतं. त्यांत नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन पितळी तारा स्वतःच्या लांब वाढवलेल्या, वाकड्या नखांनी छेडत होता. तसं वाजवणारा तिथे तो एकटाच उरला होता.

एक गोष्ट दुकानात कधीच कळत नाही. तिथे शांतता असते, आपण एकटे असतो, आणि जाड नखीचा ठसठशीत आवाज ऐकून आपण खूश होतो. तीच नखी पबमध्ये नेली की दोन फिडल आणि एक बासरी तिच्याखाली बुडतात, आणि बुडालेली माणसं गप्प बसत नाहीत. बँजोवाल्यांवरचे विनोद त्यातूनच निघालेत. बँजो आणि ट्रॅम्पोलिन यांत फरक काय? ट्रॅम्पोलिनवर उड्या मारताना लोक बूट काढतात. पातळ नखीने बँजो आपोआप जरा खालच्या आवाजात बोलतो, पण ट्रेबलचा तडतडाट मात्र गर्दीतूनही वर येतो. त्यामुळे नखी निवडायची तर चार-पाच जाडीच्या थेट सेशनला न्याव्यात, एकेक धून एकेकीने वाजवावी आणि शेजारच्यांच्या चेहऱ्याकडे बघावं.

माझं सध्या बँजोला साठ, मँडोलिनला एक मिलिमीटरची काळी. त्र्याहत्तरच्या मी घेतो त्या ‘एखादी जादा आहे का?’ म्हणून विचारणाऱ्यांसाठी. दर सेशनला असा एक तरी निघतो, आणि तो बहुतेक वेळा गिटारवालाच असतो.