ईयोबाचे मित्र

आज एका जवळच्या मैत्रिणीने विचारलं, "तुझ्या विश्वासातच काही कमी असेल, म्हणून तर आजारपण संपत नाही?" फार लागलं ते. संध्याकाळभर बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचत बसले, काही दोष नसताना सगळं गमावलेल्या, आजारी पडलेल्या माणसाची गोष्ट. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर 7 दिवस, 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. माझ्या मते तेवढंच त्यांचं खरं सांत्वन! तोंड उघडलं आणि लागले त्याचं पाप शोधायला. ईयोब देवाशी भांडला, रडला, जाब विचारला, पण त्याला सोडलं नाही. 42व्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो या मित्रांवर. आणि ईयोब त्यांच्यासाठीच प्रार्थना करतो. मी तिथेच अडकले आहे. इतकं दुखावल्यावर कशी जमली असेल त्याला ती प्रार्थना?