वरचे पैसे

दुकानदाराने डोळ्याला भिंग लावून माझं घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, उगाच कानाशीही नेलं. मग काचेभोवतीचं निळं कडं अंगठ्याने कटकट फिरवून पाहिलं. "बेझल तर एकदम कोरी आहे, सर. वापरलेली दिसतच नाही."

मी "हो" म्हणालो.

"बॉक्स, पेपर?"

"आहेत."

"फुल सेट. मग चांगलं." त्याने कॅल्क्युलेटरवर बोटं आपटली आणि तो माझ्याकडे वळवला. भारी वस्तूंच्या दुकानात आकडा तोंडाने सांगत नाहीत, दाखवतात. माझं घड्याळ वजा जाऊन वरचे एवढे. शेजारी मखमलीवर ते दुसरं बसलेलं होतं, काळ्या डायलचं, डायलमध्ये आणखी तीन छोट्या डायली. मी त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून दोनदा बघितलं आणि "कळवतो" म्हणून बाहेर पडलो. दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये डोंबिवली येईपर्यंत दुसरा उद्योग नव्हता, म्हणून हे सगळं डोक्यात घोळलं.

घड्याळ बदलावंसं का वाटतं, हे सांगायला जरा लाज वाटते. मला चावी द्यायची आहे.

आत्ता हातात आहे ते ओमेगाचं सीमास्टर. २०१९ साली मला पन्नास पूर्ण झाली तेव्हा बायकोने घेतलेलं. तिची एक एफडी सुटली होती. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, म्हणून तिने विचारलं नाही. विक्रेत्याने तिला सांगितलं की १९९५ पासून जेम्स बाँड हेच घालतो, आणि तिने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. घड्याळ उत्तमच आहे. पाण्याखाली ३०० मीटरपर्यंत चालतं. मी मुरुडच्या समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेलो नाही, पण समजा गेलो. दहाच्या आकड्याजवळ त्याला एक जादा बोंड आहे, ते हेलियम बाहेर सोडण्यासाठी. मुंबई हायला तेलाच्या नळांवर खोल काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस दाबाखालच्या कोठडीत राहतात, तिथल्या हवेत हेलियम असतो, तो इतका बारीक की घड्याळातही शिरतो. मग दाब उतरवताना तो आतून काच उडवू शकतो. ती उडू नये म्हणून हे बोंड. डोंबिवली पूर्वेत अजून तरी तशी वेळ आलेली नाही.

शिवाय ते ४२ मिलिमीटरचं आहे आणि चांगलं जाड. शर्टाच्या बाहीखाली जात नाही. त्यामुळे सहा वर्षं माझ्या डाव्या मनगटाचं बटण उघडं असतं. इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं, "साहेब, ह्या बाहीच्या काजाला काही झालंय का? ही बाजू कधी चुरगळलेली नसते."

आणि ते स्वयंचलित. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग आपोआप आवळली जाते. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं जगायचं.

बाबांचं घड्याळ एचएमटीचं, जनता. बंगलोरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सरकारने हा कारखाना काढला, आणि मग निदान आमच्या ओळखीच्या प्रत्येक हेडक्लार्कच्या हातात जनता नाहीतर पायलट आलं. एचएमटीचंच कांचन मात्र लग्नात सासऱ्याकडून. बाबांचं सकाळचं वेळापत्रक ठरलेलं. दाढी झाली, रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले, की ते खिडकीशी उभे राहून चावी द्यायचे. अंगठा आणि पहिलं बोट, पुढे-मागे, पुढे-मागे, खर्रर्र, खर्रर्र. अठरा-वीस फेरे झाले की थांबायचे. कधी थांबायचं ते मोजून नाही, बोटाला कळायचं. रविवारी मला द्यायला मिळे. "शेवटी जड लागेल. जड लागलं की सोड. पिळू नको." मी श्वास धरून द्यायचो. ते जड लागणं अजून बोटाच्या पेरात आहे. काचेवर ओरखडे पडले की बाबा टूथपेस्ट घेऊन बसायचे आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने गोल गोल घासायचे. काच प्लास्टिकचीच, चकचकीत व्हायची. घड्याळाला पुदिन्याचा वास यायचा.

वेळेच्या बाबतीत आमच्या घराण्यात हट्ट फार. आजी गिरगावातली. तिला लहानपणी कोणी वेळ सांगितली की ती विचारायची म्हणे, "मुंबई टैम की ष्टांडर?" देशासाठी १९०६ मध्ये एक वेळ ठरली, पण मुंबई आपली ३९ मिनिटं मागेच. १९५५ पर्यंत मागे होती. जवळजवळ पन्नास वर्षं एका शहराने काटा पुढे करायला नकार दिला, आणि मी एका घड्याळाच्या अदलाबदलीवर दोन महिने घालवले तर बायको मला चिकट म्हणते.

तर १९९१. माझा पहिला पगार. दादरला एका दुकानाबाहेर फलक होता, जुनं घड्याळ द्या, नवं न्या. मी बाबांना ओढतच नेलं. सोनेरी क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, बारीक, चापट, महिन्याला दहा-पंधरा सेकंदांची चूक. जनता दिवसालाच तेवढी करायचं. बिलावर लिहिलं होतं, 'जुने घड्याळ वजा १५०'. बाबांनी पट्टा सोडला, एकदा चावी दिली, आणि काउंटरवर ठेवलं. हो, द्यायच्या आधी चावी दिली. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं झालं. आता रोजचा एक ताप गेला."

ताप कुठला जातोय. दुसऱ्या दिवसापासून रेडिओचे ठोके पडले की ते खिडकीशी उभे, आणि बोटं त्या सोनेरी बोंडावर. फिरवायला तिथे काही नव्हतं, नुसता हात लावून यायचे. एकदा त्या नादात बोंड बाहेर ओढलं गेलं, घड्याळ थांबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची आठ बाराची लोकल चुकली. घरी आल्यावर कोणाशी बोलले नाहीत.

बाबा २००४ मध्ये गेले. ते क्वार्ट्झ कपाटात ठेवलं आणि विसरलो. सहा-सात महिन्यांनी काही कागद शोधताना हाताला लागलं. चालू होतं. बरोब्बर वेळ दाखवत होतं. जनता असतं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबलं असतं.

म्हणून चावीचं घड्याळ हवं. आता चावीचंच हवं तर ते मखमलीवरचं ओमेगाचं स्पीडमास्टरच का, हा प्रश्न रास्त आहे. एक तर मी १९६९ च्या ऑगस्टातला, माणूस चंद्रावर उतरला त्यानंतर महिन्याभरात जन्मलेला. ऑल्ड्रिनच्या हातात तेव्हा हेच होतं, अवकाशसूटच्या बाहेरून लांब पट्ट्याने बांधलेलं. आर्मस्ट्राँगने आपलं यानात ठेवलं, कारण यानातलं घड्याळ बिघडलं होतं. दुसरं म्हणजे त्याला अजून रोज हाताने चावी द्यावी लागते. आणि त्याच्या जुन्या धाटणीच्या मॉडेलची काच चक्क प्लास्टिकची, फुटली तर यानात कण उडू नयेत म्हणून. टूथपेस्ट चालेल! ऑल्ड्रिनचं ते घड्याळ पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झालं. चंद्रावर जाऊन सुखरूप आलं आणि पार्सलात गेलं. हे वाचल्यापासून मला त्या मॉडेलविषयी जास्तच आपुलकी वाटते.

बायकोला हे सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. "बदल की मग," ती म्हणाली. "घड्याळच आहे." मला वाटलं होतं थोडं तरी वाईट वाटेल. मग म्हणाली, "नाहीतर एचएमटी घे एखादं. चावीच द्यायची आहे ना?"

बायकांना मुद्द्यावर यायची घाई असते. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं, पण जुनी जनता आजही इंटरनेटवर ढिगाने मिळतात. नव्याने रंगवलेल्या डायली, कोणाची केस, कोणाचे काटे. मी रात्री बघत बसतो. घेत मात्र नाही. प्रत्येक घड्याळ कोणाच्या तरी वडिलांचं दिसतं, आणि त्यातलं एखादं दादरच्या त्या काउंटरवरून निघालेलं असलं तर? ओळखू येणार नाही ते वेगळंच.

आता ते बेझलचं. दुकानदाराला मी खोटं सांगितलं.

एप्रिल २०२१. बायकोला कोविड झाला होता आणि ती आतल्या खोलीत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसातून दोनदा सहा मिनिटं चालायला लावा आणि आधी-नंतर ऑक्सिजन बघा. फोनवर तिचा भाऊ होता, बेडसाठी कुठे कुठे विचारत, त्यामुळे फोन अडकलेला. मी दारात मास्क लावून उभा. तेव्हा पहिल्यांदा ते निळं कडं फिरवलं. त्यावरचा ठिपका मिनिटकाट्याशी आणायचा, की किती वेळ गेला ते नुसतं वाचता येतं. ते एकाच बाजूला फिरतं. पाण्याखाली धक्का लागून सरकलंच तर गेलेला वेळ जास्त दाखवील, कमी नाही, म्हणजे माणूस चुकला तरी लवकर वर येईल. पलंगापासून खिडकीपर्यंत सात पावलं, वळायचं, सात पावलं. चौथ्या मिनिटाला तिने कपाटाला हात टेकला. मी कड्याकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. सहाव्याला ती बसली, बोट त्या चिमट्यात घातलं. आकडा आधी भलताच दाखवतो, मग स्थिरावतो. त्या स्थिरावण्याला घड्याळात माप नाही. ९४.

अकरा दिवस, दिवसातून दोनदा. नंतर कडं मी ठिपका बारावर आणून ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. तिला यातलं आठवत नसावं. तिला आठवतं ते पेजेचं मीठ.

आज संध्याकाळी तिने विचारलं, "काय झालं तुझ्या चंद्राचं?"

"वरचे पैसे फार सांगतोय."

"किती?"

सांगितले. तिने मनाशी काहीतरी हिशेब केला. "एवढंच ना? वरचे मी घालते. ऑगस्टात एक एफडी सुटतेय."

झालं! म्हणजे आता ते दुसरंसुद्धा तिनेच दिलेलं असणार. दुकानदाराला कळवलं, ऑगस्टनंतर बघू.