सुकेळी, पाच युरो आणि एक रिकामी चौकट

मम्मी वसईहून आली तेव्हा तिच्या बॅगेत चाळीस रोझऱ्या, म्हणजे आमच्या जपमाळा, निघाल्या. गावभर सांगून ठेवलं होतं म्हणे, "जर्मनीतल्या मोठ्या मातेकडनं आशीर्वाद करून आणते." आता 'मोठी माता' कुठली, हे तिने माझ्यावर सोडलं होतं. ड्युसेलडॉर्फहून तासाभरावर केव्हेलार आहे, जर्मनीतलं मरियामातेचं एक फार गाजलेलं तीर्थक्षेत्र. सहा वर्षं इथे राहून मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. का, ते पुढे येईलच.

ऑक्टोबरातला शनिवार, पप्पांना जाऊन दोन वर्षं होत होती. आरई-१० गाडी, बाहेर सपाट शेतं, बीट उपटून ठेवलेले ढीग. मम्मीच्या डोळ्यांसमोर बांद्र्याची मोतमाऊली: टेकडी, सोनेरी मूर्ती, मेणाचे हात-पाय विकणाऱ्या बायका. केव्हेलारच्या चौकात षट्कोनी छोटंसं चॅपल आहे, १६५४ सालचं. त्याच्या खिडकीत वाकून पाहायचं. आत सोन्याचांदीने मढवलेल्या चौकटीत कागदावर छापलेलं एक चित्र, पत्त्यांतल्या पानापेक्षा थोडंसंच मोठं.

"एवढीशी?" मम्मी म्हणाली.

मी तिला गोष्ट सांगितली. तीस वर्षांच्या युद्धाचा काळ. हेंड्रिक बुसमन नावाच्या फिरत्या विक्रेत्याला १६४१ च्या नाताळात रस्त्याकडेच्या क्रूसापाशी आवाज ऐकू आला, इथे माझ्यासाठी एक छोटं चॅपल बांध. मग त्याच्या बायकोला रात्री उजेडात हेच चित्र दिसलं. त्याआधी ते तिला सैनिकांनी विकायला आणलं होतं, आणि परवडत नाही म्हणून तिने घेतलं नव्हतं. १ जून १६४२ ला गावच्या फादरांनी ते चित्र तिथे बसवलं. "परवडलं नाही" हे ऐकल्यावर मम्मीचं मातेशी एकदम जमलं. शेजारच्या मेणबत्ती-चॅपलमध्ये भिंतीभर गावोगावच्या जथ्यांच्या ढाली आणि माणसाहून उंच मेणबत्त्या. आपल्याकडे दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात तशीच इथे जथ्याजथ्याची जागा ठरलेली.

मम्मीला पप्पांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, ठेवायची होती, म्हणून आम्ही फादरांच्या कार्यालयात गेलो आणि माझ्या पोटात गोळा आला.

तर इतकी वर्षं न जाण्याचं कारण: चर्चचा कर. इथे राहायला आलं की पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माची चौकट असते. 'रोमन कॅथलिक' लिहिलंत की पगारातून आयकराच्या नऊ टक्के रक्कम चर्चसाठी कापली जाते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत आठ, आमच्या ड्युसेलडॉर्फकडे नऊ. पगाराचे नऊ टक्के नव्हे, आयकराचे नऊ, पण तरी डोळ्यांत भरतील एवढे. आणि हे चर्च स्वतः वसूल करत नाही, सरकारी वित्त कार्यालय करतं. मी आलो त्या पहिल्या आठवड्यात एका भारतीय सहकाऱ्याने कानात सांगितलं, ती चौकट रिकामी ठेव. मी ठेवली. ज्या माणसाच्या आजीने मरताना हातातली रोझरी सोडली नाही, त्या माणसाने ठेवली.

आता माझी बाजू. वसईत चर्चला पैसे द्यायचे तर ते हाताने पाकिटात घालून देतो. किती ते आपण ठरवतो. छपराला दिले, सणाला दिले, फादरांच्या नव्या ध्वनिक्षेपकाला दिले. पगारपत्रकावर आकडा छापून येतो ती काय भक्ती झाली? शिवाय आमच्याकडे रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. इथे २०२२ या एका वर्षात पाच लाख वीस हजारांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्चमधून नाव काढून घेतलं. २०२४ मध्ये अख्ख्या जर्मनीत धर्मप्रांतांसाठी फक्त २९ नवे धर्मगुरू दीक्षित झाले. जर्मनीतल्या गावोगावच्या वेद्यांवर केरळचे फादर उभे आहेत. म्हणजे चर्चला माणसं आम्ही पुरवायची आणि पैसेही आम्हीच द्यायचे? हा युक्तिवाद मी सहा वर्षं स्वतःपुढे करतोय, बऱ्यापैकी पाठ झालाय. नाव काढलेल्यांना संस्कार मिळणार नाहीत, असं बिशपांनी २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. पण मी नाव काढलेलं नाही, नोंदवलंच नाही. फरक आहे.

कार्यालयात सत्तरीचे एक फादर होते. इथे त्यांना 'फादर' म्हणत नाहीत, 'हेर पास्टोर' म्हणतात. मला ते अजून 'अहो साहेब' म्हटल्यासारखं वाटतं. मम्मीने मात्र थेट "फादर, गुड मॉर्निंग" म्हणून सुकेळ्यांचं पुडकं पुढे केलं. राजेळी केळी उन्हात वाळवून गोड झालेली, पानात बांधलेली. फादरांनी एक उचलून वास घेतला आणि तोंडात घातलं. "अंजीर?" "केळं," मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. दुसरं खाल्लं.

मग वही उघडून त्यांनी सहज विचारलं, "कुठल्या धर्मग्रामाचे?"

धर्मग्राम म्हणजे आपापल्या भागाचं चर्च. माझी जीभ टाळूला चिकटली. माझ्या पत्त्यावर कुठलं चर्च येतं हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या यादीत मी नव्हतो. मम्मीला जर्मन शून्य. पण प्रश्नाचा सूर जगभर तोच असावा. ती ताठ उभी राहून म्हणाली, "वसई." फादरांनी मला स्पेलिंग विचारलं आणि वहीत लिहिलं.

तिने शंभरची नोट काढली. "पाच," ते म्हणाले. मिस्साचे पाच युरो, वर एक पैसा नाही, आणि त्याची पावती. मम्मीला ते अपमानास्पद वाटलं. "पप्पांची मिस्सा पाच युरोत?" मी तिला बाकीचे मेणबत्त्यांच्या पेटीत टाकायला लावले.

रोझऱ्यांना वेळ लागला. टेबलावर चाळीस पसरल्या, काहींचा गुंता झालेला. फादर एकेक सोडवत बसले आणि सोडवता सोडवता बोलले. इथला रेक्टर म्हणजे तीर्थक्षेत्राचा प्रमुख, शिवाय गावच्या संत मरिया धर्मग्रामाचा पास्टोरही तोच. म्हणजे सकाळी गावातला अंत्यविधी आणि दुपारी बस भरभरून आलेल्या यात्रेकरूंचं स्वागत. हंगाम १ मे ते १ नोव्हेंबर. जुलैत मोटारसायकलवाल्यांना आशीर्वाद. ऑगस्टमध्ये हजारोंनी तमिळ येतात, त्यात हिंदूही असतात. हे फादर स्वतः निवृत्त, मदतीला राहिलेले. परवा म्हणे एका जथ्याचा ब्रास बँड आणि दुसऱ्या जथ्याची मौन मिरवणूक एकाच वेळी चौकात पोहोचली. दोघांनाही वेळ कार्यालयानेच दिलेली. "दोन्ही बाजूंनी ओरडा मला. मौनवाले जास्त ओरडले."

मी विचारलं, सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? पापनिवेदनात, ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि ज्यांची नावं आता आमच्याकडे नाहीत त्यांच्यात. ते येतात. पण आत येत नाहीत. दारात थांबतात, तुम्ही मघाशी थांबलात तसे."

हातातली रोझरी सोडवत होते, वर पाहिलंही नाही. मी काही बोललो नाही. खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मम्मी समोर नसती तर सांगितलं असतं, असं मी तेव्हापासून म्हणतोय.

संध्याकाळच्या मिस्सात त्यांनी पप्पांचं नाव वाचलं. आडनाव जर्मन वळणाने गेलं, पण पुढे "वसई, भारत" अगदी स्वच्छ. मम्मीने देवनागरीत लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी मिस्साच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती. तिचं टोक बाहेर डोकावताना मला माझ्या बाकावरून दिसत होतं.

परतीच्या गाडीत मम्मीने चाळीस रोझऱ्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "चांगले आहेत रे फादर. तुझं नाव लिहून घेतलं ना त्यांनी?"

क्रेफेल्ड येत होतं. मी म्हटलं, "मम्मी, खिडकीतून बघ, आता ऱ्हाइन नदीवरचा मोठा पूल येईल." पूल यायला अजून वीस मिनिटं होती. ती तोवर बाहेरच बघत बसली.