तानपुरा ऐकू येतोय का?

मी गुरुताईंच्या मागे तानपुरा घेऊन बसते, म्हणून मला हे इतरांपेक्षा जास्त खुपत असेल. पण गेले काही महिने मनात साठलंय ते लिहितेच. या काळात समोर बसून ऐकलेल्या बहुतेक मैफलींपेक्षा घरी हेडफोन लावून पुन्हा पाहिलेल्या दोन मराठी चित्रपटांत मला गाणं अधिक नीट ऐकू आलं. गाण्याच्या गावात राहून असं लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

दिवाळीत एका पहाटेच्या कार्यक्रमाला गेले होते. गायिका तयारीची, राग ललत. सकाळचे राग समोर बसून ऐकायला मिळणं आता दुर्मीळ झालंय, त्यामुळे मी फार आशेने गेले होते. एको (आवाजाचा कृत्रिम प्रतिध्वनी) इतका चढवलेला, की एक स्वर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडत होता. ललतमध्ये दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र ‘म’) एकापाठोपाठ लागतात, त्या दोघांमधली ती चिंचोळी वाट म्हणजे रागाचा जीव. तीच पुसली गेली. डग्ग्याची घुमार छातीवर आदळत होती. मागे दोन मोठे तानपुरे होते, दोन मुली मन लावून छेडत होत्या आणि त्यांचा एक झंकारही आमच्यापर्यंत पोचत नव्हता. पोचत होता तो माइकसमोर ठेवलेल्या मोबाइलमधला तानपुरा.

तानपुरा नुसता सूर धरायला नसतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, नेमकी जागी आली, की एका तारेतून कितीतरी स्वर उमलतात. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, तार नीट जुळली असेल तर तिच्यातून गंधार (‘ग’) आपोआप ऐकू येतो, तो कुणी वाजवत नाही. गाणारा त्या गंधारावर विसावतो. ललत असेल तर पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळवायची, मारवा असेल तर निषादात किंवा धैवतात. मैफल सुरू व्हायच्या आधी अर्धा-पाऊण तास आम्ही हे करत बसतो. मिरजेचे कारागीर त्या भोपळ्यावर, तारांवर इतके कष्ट घेतात (2024 साली तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं), आणि शेवटी श्रोत्याच्या कानात काय जातं, तर मोबाइल.

आता चित्रपटांविषयी. ‘मी वसंतराव’ 2022 साली आला तेव्हा थिएटरात पाहिला होता, परवा पुन्हा पाहिला. राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची, गायक वसंतराव देशपांडे यांची, भूमिका केली आणि गायलंही तेच. त्यातला लाहोरचा, मारव्याचा भाग मी मागे नेऊन नेऊन ऐकला. मारव्यात पंचम नाही, षड्जही सहजासहजी हाती लागत नाही. ती अस्वस्थता पडद्यावर उतरते, कारण आवाजाभोवती मोकळी जागा राखली आहे. या चित्रपटाच्या ध्वनिआरेखनासाठी अनमोल भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता. चित्रपट लांबला आहे, उत्तरार्धात घटनांची गर्दी होते, पण गाण्याला धक्का लागत नाही.

‘द डिसायपल’ मात्र माझ्या फार आतला आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला 2020 मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, त्यामुळे कथेत शिरत नाही. नायकाचं काम करणारे आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही खरे गवई आहेत, त्यामुळे तान घेताना मानेची शीर कधी ताणली जाते हे खोटं वाटत नाही. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकल संथ चालते, कानात माईंचा, म्हणजे गुरुजींच्या गुरूंचा, ध्वनिमुद्रित आवाज (तो सुमित्रा भावे यांचा) आणि त्याखाली तानपुरा. पार्श्वभूमी म्हणून तो दडपलेला नाही, स्पष्ट आहे. तिथे मी डोळे मिटले, आणि चित्र दिसत नसतानाही काही हरवलं नाही.

‘संगीत मानापमान’ हा चित्रपटही गेल्या वर्षी पाहिला. देखणा आहे, मेहनत दिसते. पण वाद्यमेळ इतका भरघोस, की शब्द शोधावे लागतात. खाडिलकरांचं मूळ नाटक 1911 चं. 8 जुलै 1921 ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत त्याचा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा रंगमंचावर माइक नव्हता. नट उंच पट्टीत गात, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत फेकत, आणि साथीला ऑर्गन, सारंगी, तबला एवढंच. माइक नको असं मी मुळीच म्हणत नाही. भीमसेनजींचा खर्ज, किशोरीताईंची ती स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी हळुवार मींड हजारो लोकांपर्यंत पोचली ती माइकमुळेच. माइकचं काम आपल्याला गवयाच्या जवळ नेऊन बसवण्याचं. त्याचा उपयोग नुसता आवाज मोठा करायला होऊ लागला, तिथे माझं भांडण आहे.

मधल्या काळात सदाशिव पेठेतल्या एका घरी छोटी बैठक झाली. वीस-पंचवीस माणसं, सतरंजी, माइक नाही. गुरुताईंनी पूरिया राग गायला. मी मागे होते, तरी तबल्याच्या चाटेवरचं (कडेवरचं) बोट कळत होतं. शेवटच्या ओळीतले एक आजोबा नंतर म्हणाले, “बाई, आज तानपुरा ऐकला हो.” ताईंना गाण्याचं कौतुक त्याहून वेगळं नको होतं.

मोठ्या सभागृहातही हे जमू शकतं. साउंड चेकला आधी तबला, मग पेटी, मग गायक आणि वेळ उरला तर तानपुरा, असा क्रम सगळीकडे दिसतो. तो उलटा करा. आधी फक्त दोन तानपुरे लावा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा, तिथे जवारी ऐकू आली की मग तिच्या मापाने बाकीच्यांचा आवाज ठरवा. एको बंद. पुढच्या महिन्यात ताईंचा कार्यक्रम आहे, तिथल्या साउंडवाल्या दादांशी मी फोनवर हेच बोलले. ते म्हणाले, “ताई, असं कुणी सांगतच नाही. तुम्ही तासभर लवकर या, करून बघू.”