ओली गादी, एडीएचडी आणि आम्ही

लेकाला आठवं लागलं तरी बहुतेक रात्री गादी ओली व्हायची. सासूबाई तीळगूळ खायला घालत, शेजारपाजारचे म्हणत, "मोठा झाला की थांबेल." शाळेच्या तक्रारी वेगळ्याच होत्या: एका जागी बसत नाही, वही अर्धवट सोडतो. त्याचीच तपासणी चालू असताना डॉक्टरांनी विचारलं, "रात्री शू होते का? आणि शी रोज होते?"

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असलेल्या मुलांमध्ये अंथरूण ओलं होण्याचं प्रमाण इतरांच्या दोन-तीनपट असतं, हे तेव्हा कळलं. एकामुळेच दुसरं होतं असं नाही, पण जोडी बरेचदा दिसते. आनुवंशिकताही असते, तो विषय निघाल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा सांगितलं की आमच्या ह्यांचंही लहानपणी असंच होतं.

लघवीची तपासणी झाली, साखर आणि संसर्ग नाही याची खात्री झाली. मग डायरी. मापाचा प्लास्टिकचा कप बाथरूमच्या कोनाड्यात ठेवला आणि दर वेळी किती मिली झाली ते लेक स्वतःच लिहू लागला. वयात एक मिळवून तीसने गुणायचं, म्हणजे आठव्या वर्षी साधारण २७० मिली व्हायला हवी. त्याची निम्मीच भरायची. खेळात रमला की पाय आवळून उभा राहायचा, पण जायचा नाही. पोटही साफ नव्हतं. साचलेली शी मूत्राशयावर दाब आणते, म्हणून डॉक्टरांनी आधी पोटासाठी पावडर दिली. दर दोन-तीन तासांनी बाथरूमला जायचं, असंही ठरलं. त्यासाठी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली. वेळेवर सोडतात, त्यांचे खरंच उपकार आहेत.

त्यानंतर अलार्म. चड्डीला लावलेला सेन्सर ओला झाला की वाजतो. घर जागं व्हायचं, लेक मात्र गाढ झोपेत! बाकीच्यांनी अलार्म बंद करून झोपू नये, मुलाला पूर्ण जागं करून बाथरूमपर्यंत न्यावं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. अशा मुलांना आईबापाची साथ जास्त लागते. दोन-तीन महिने चिकाटी हवी, आणि सलग चौदा रात्री कोरड्या गेल्या की थांबवायचं. रागावणं मात्र पूर्ण बंद. झोपेत होणाऱ्या गोष्टीसाठी मुलाला ओरडणं हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मामाकडे राहायला जाताना डेस्मोप्रेसिनची, म्हणजे रात्री लघवी कमी तयार व्हावी यासाठीची, गोळी दिली होती. ती घेण्याआधी तासभर आणि नंतर आठ तास जवळजवळ काही प्यायचं नाही, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरतं. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

एडीएचडीचे उपचार सोबत चालूच आहेत, आणि त्यामुळे बाथरूमचं वेळापत्रक त्याच्याकडून पाळलं जातं. मध्ये तापानंतर पुन्हा काही रात्री ओल्या गेल्या. अलार्म परत लावला, आणि या वेळी तो आवाजाने स्वतःच उठतोय.