आमची वाटचाल : गादीच्या तक्त्यापासून सुरू झालेला धंदा

आमच्या कार्डावर ‘दुकानांचं इंटिरियर’ असं छापलंय. धंद्याचं मूळ मात्र इंदूरच्या रामबागेतल्या बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये आहे. त्यांची बहुतेक कामं एम. टी. क्लॉथ मार्केटमधली, म्हणजे महाराजा तुकोजीराव कापड बाजारातली. व्यापाऱ्यांना भिंतभर फळ्या, गल्ल्याची पेटी आणि गादीखालचा तक्ता एवढंच हवं असे. तक्ता ठोकायच्या आधी बाबा स्वतः त्या जागी मांडी घालून बसत आणि हात पुढे करून बघत. समोर पसरलेल्या थानापर्यंत हात पोचत नसेल तर तक्ता दोन बोटं कमी करत. व्यापारी हसायचे, पण दुसऱ्या दुकानाचं काम निघालं की बाबांनाच बोलवायचे.

मी आणि वहिनी धंद्यात उतरलो तोवर शहरात मॉल आले होते. मग जो तो म्हणे, ‘मॉलसारखं करून द्या.’ काचेचा काउंटर, पीओपीचं छत, पांढऱ्या टाइल्स, एसी. आम्ही करून देत होतो आणि पैसेही बरे मिळत होते. मार्केटिंगचे प्राध्यापक फिलिप कोटलर यांनी 1973 साली लिहून ठेवलंय की दुकानातलं वातावरण हेसुद्धा विक्रीचं साधन असतं. आमच्या कापड बाजारात हे कोणाला शिकवायची गरज नव्हती. गादीवर बसवायचं, पाणी द्यायचं, मांडीवर साडी उलगडायची. काचेच्या काउंटरने नेमकं तेच बंद केलं. माल दिसतो, पण हाताला लागत नाही. जोन पेक आणि सुझान शू यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासलंय : वस्तू नुसती हातात घेतली तरी माणसाला ती आपली वाटू लागते. महेश्वरीचा पोत, तिची दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी किनार, ही तर काचेआडून कळणारच नाही.

म्हणून हळूहळू आमचं काम वेगळ्या वाटेला लागलं. गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये जे जे येतं ते काढायचं. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते उजेडाने.

सीतलामाता बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानाची तक्रार होती की बायका साडी पसंत करतात, मग ती उचलून बाहेर उन्हात नेऊन बघतात आणि परत ठेवतात. मालकांना वाटे, माल वाईट आहे. वहिनीचं एम. एस्सी. फिजिक्समधलं. तिने वर बघितलं आणि दिव्याचं खोकं मागवलं. खोक्यावर सीआरआय 80. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा हा आकडा, पण तो 8 फिकट रंगांची सरासरी काढून ठरवतात. गडद लाल त्यात नसतोच. तो आर-9 म्हणून वेगळा मोजतात आणि स्वस्त एलईडीत तो शून्याच्या आसपास, कधी उणेसुद्धा निघतो. म्हणजे शालूचा कुंकवाचा लाल त्या उजेडात विटकरी दिसणार. आता लग्नाच्या साड्यांच्या दुकानात लालच खोटा दिसत असेल तर गिऱ्हाईक उन्हात जाणार नाही तर काय करेल! वहिनीने एकच लाल थान अर्धं जुन्या दिव्याखाली आणि अर्धं 90 च्या वर सीआरआय आणि चांगला आर-9 असलेल्या दिव्याखाली धरलं. मालक काही बोलले नाहीत, दिव्यांची ऑर्डर मात्र त्याच दिवशी दिली. ब्लाउज पीस आणि फॉल जुळवायची जागा आम्ही आता दारालगत, दिवसाच्या उजेडात ठेवतो.

सराफ्यातली कामं छोटी आणि चिकट. सोन्यावर 3000 केल्विनचा पिवळसर उजेड, चांदी-हिऱ्यांवर 4000 किंवा त्याहून पांढरा, हे तिथल्या पेढ्यांना आमच्यापेक्षा आधीपासून ठाऊक आहे. आमचं काम रात्रीमुळे निघतं. दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाऊगल्ली लागते; भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. तेलातुपाचा वाफारा शटरच्या फटीतून आत येतो आणि मखमलीच्या ट्रेला चिकटतो. मखमल वास सोडत नाही. म्हणून ट्रे आता घट्ट बंद होणाऱ्या खणांत जातात आणि शटरला आतून रबराची पट्टी लागते. बस.

वासाच्या बाबतीत आमचं आणि गिऱ्हाइकांचं नेहमी वाजतं. एका शोरूमच्या मालकांनी सुगंधाचं मशीन बसवून घेतलं होतं. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे दिवसभर आत बसणाऱ्या मालकांना वास येईनासा झाला की ते बटण वाढवायचे. बाहेरून येणारी बाई शिंकत परत. आम्ही मशीन काढायला सांगितलं, आणि त्याबरोबर कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही. कोऱ्या सुती कापडाला स्वतःचा वास असतो, खळीचा. तो पुरे.

नमकीनच्या दुकानांत उलटं. कढई मागच्या भटारखान्यात गेली, एक्झॉस्ट मागच्या गल्लीत निघाला आणि लौंग सेवेचा, म्हणजे लवंग घातलेल्या शेवेचा वास गल्लीतल्या मांजरांना मिळू लागला. आम्ही कढई पुढे आणतो, काचेआड, वरून धूर खेचणारा हूड लावून. पण तयार सेवेची परात दुकानाच्या उघड्या तोंडाजवळ, रस्त्याकडे. सेव झाऱ्यातून पडताना दिसली पाहिजे, हा वहिनीचा हट्ट. मला विचाराल तर तो सोन्यासारखा आहे.

आवाजाचं काम मागायला फारसं कोणी येत नाही. रोनाल्ड मिलिमन यांनी 1982 मध्ये अमेरिकेतल्या सुपरमार्केटात मोजलं होतं, जलद संगीतापेक्षा संथ संगीत असताना विक्री 38 टक्क्यांनी जास्त झाली. हे सांगूनही आमच्याकडे रेडिओ मोठ्यानेच लागतो, सांगून सांगून थकलो. बर्तन बाजारातलं एक काम मात्र मनासारखं झालं. काशाची वाटी घेणारी म्हातारी माणसं ती बोटांच्या टोकांवर तोलतात आणि टिचकी मारतात. अस्सल काशात साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील. त्याची वाटी घुमत राहते, पितळ लवकर गप्प होतं. पण दुकानात सगळीकडे टाइल आणि काच, त्यात स्टीलची खणखण, कोणाला काय ऐकू येणार! आम्ही काशासाठी कोपऱ्यात लाकडी कोनाडा केला, मागे जाड सतरंजी ताणून लावली आणि स्टील दुसऱ्या टोकाला हलवलं. बाबा उद्घाटनाला आले तेव्हा तासभर तिथेच टिचक्या मारत बसले होते.

लॉकडाउननंतर कामं वाढली. फोनवर माल मिळतो तर दुकानात यायचं कशाला, हा प्रश्न व्यापारीच विचारू लागले. बाजारात आता सहा कारागीर आणि एक इलेक्ट्रिशियन घेऊन आम्ही उभे आहोत. बाबा हिशेब बघतात आणि तक्त्यावर बसून बघायचं काम कोणाला देत नाहीत. फक्त आजकाल गादी 17-18 इंच उंच करतो, काठावर पाय सोडून बसता येईल अशी, कारण गुडघे सगळ्यांचेच गेलेत.

सध्या छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीजवळ लोणची-मसाल्याच्या एका दुकानाचं काम चालू आहे. मालकांना सगळं बंद बरण्यांत हवंय, माशांची भीती वाटते. वहिनी म्हणते, निदान एक खलबत्ता पुढे ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर मसाला कुटून द्या. मालकांना आवाजाची काळजी, शेजारच्या मोबाइलवाल्याला ठसक्याची. शुक्रवारी पुन्हा बैठक आहे.