चार बासनं, एक ढीग

राजापूर तालुक्यातलं ते चिरेबंदी घर मार्चअखेर रिकामं होणार होतं. घरच्या आजींनी सगळा ग्रंथसंग्रह एका सार्वजनिक वाचनालयाला द्यायचं ठरवलं होतं आणि तो उचलून आणायचं काम आम्हा तिघांकडे होतं. कोकणातून जुनी पुस्तकं हलवायची तर माघ ते चैत्र हाच काळ. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो आणि तसाच खोक्यात बंद केला की बुरशी धरतो. दिवाळीला आकाश निरभ्र झालं तरी चिऱ्याच्या भिंती अजून आतून ओल्याच असतात.

माप आधीच घेतलं होतं. तीन कपाटं, प्रत्येकी पाच फळ्या, फळी साडेतीन फुटी. फुटाला सरासरी १२ पुस्तकं धरली की ६३० होतात. एका खोक्यात १२ किलोंच्या वर भरायचं नाही, कारण त्याहून जड खोकं माणूस जिन्यावर टेकवत-आपटत नेतो आणि तळाच्या पुस्तकांचे कोपरे मोडतात. म्हणून ३० खोकी, कोरा न्यूजप्रिंट आणि सुती नाडा एवढं सामान नेलं होतं. छापील वर्तमानपत्र गुंडाळायला वापरत नाही, त्याची शाई पुठ्ठ्यावर उतरते. सुतळीही नको. ती पानांच्या कडेत रुतते.

सकाळी सात वाजता पोचलो. पहिला तास कशालाही हात लावायचा नाही, फक्त प्रत्येक फळीचे फोटो काढायचे आणि फळीला नाव द्यायचं : क-१, क-२ असं. पुस्तकं ज्या क्रमानं लावलेली असतात तीही एक नोंदच असते. घरात कोण काय वाचत होतं, कुठली मासिकं सलग येत होती, हे त्या क्रमावरून कळतं आणि एकदा खोकी भरली की ते कायमचं जातं.

फोटो संपत आले तेव्हा आजी म्हणाल्या, "माळ्यावरच्या पोथ्यांची काळजी नको हो तुम्हाला. गेल्या आठवड्यात नातवंडं आली होती, त्यांनी सगळ्या झाडून नीट रचून ठेवल्यायत." मागच्या पडवीत दोरीवर चार लाल बासनं, म्हणजे पोथ्या गुंडाळायची कापडं, धुऊन वाळत घातली होती. ती बघूनच आम्ही माळ्यावर धावलो.

पोथीला बांधणी नसते. सुटी आडवी पानं, वर-खाली लाकडी फळी आणि भोवती बासन, एवढ्यावरच ती एकत्र राहते. पोरांनी मोठ्या मायेनं एकेक पान मऊ फडक्यानं झटकलं होतं आणि लांबीनुसार लावून एकच सुरेख ढीग केला होता. फळ्या कोपऱ्यात वेगळ्या उभ्या. मोजली तेव्हा पानं ७४२ भरली. चार ग्रंथ एकमेकांत मिसळले होते.

नुसत्या पत्रांकावरून हा गुंता सुटत नाही. मराठी पोथीत पानाचा आकडा मागच्या बाजूच्या समासात असतो, पण प्रत उतरवणारे पुष्कळजण प्रत्येक अध्यायाला तो नव्यानं एकपासून सुरू करतात. चारांतले दोन ग्रंथ श्रीधरकवीचे : रामविजयाचे अध्याय ४०, हरिविजयाचे ३६. म्हणजे ढिगात ‘१’ आकड्याची पाऊणशेच्या वर पानं. म्हणून आधी ग्रंथ वेगळे करायचे, मग अध्याय आणि पत्रांक अगदी शेवटी.

जमिनीवर धुतलेली चादर पसरून तिघांनी ढीग वाटून घेतला. पहिली चाळणी हस्तलिखित की शिळाछाप ही. शिळाप्रेसवर मूळ हस्ताक्षरच दगडावर उतरवलेलं असल्यामुळे नवखा माणूस इथे हमखास फसतो. बोरूनं लिहिलेल्या ओळीत बोरू बुडवल्यावरचं अक्षर गडद, पुढची फिकट होत जातात आणि पुन्हा गडद येतं. शिळाछापात काळेपणा सगळीकडे सारखा. चूक हरताळाच्या पिवळ्या रंगानं बुजवून वर लिहिलेली दिसली की पान हस्तलिखितच. (हरताळात विषारी आर्सेनिक असतं. अशी पानं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहालाही हात लावायचा नाही.) खिळाछाप, म्हणजे धातूच्या खिळ्यांवर छापलेलं, असेल तर विजेरी आडवी धरल्यावर पानाच्या पाठीवर अक्षरांचे उठाव दिसतात. दगडावरचा छाप पाठीला सपाटच लागतो.

दुसरी चाळणी पानाच्या लांबी-रुंदीची, समासाच्या रेघांची आणि पानावरच्या ओळींची. हस्तलिखितात ९ ओळी आणि समासाला तांबडी दुहेरी रेघ, शिळाछापात ११ ओळी आणि काळी चौकट. त्यानंतर समासातलं ग्रंथनामाचं संक्षिप्त रूप. जिथे कडा झिजून तेही गेलं होतं तिथे ओवीचा आकडा कामाला आला. एका पानाची शेवटची ओवी ६३ असेल तर पुढचं पान ६४ नं सुरू झालंच पाहिजे. जंगालाचा हिरवा रंग वापरलेल्या दोन पानांची चौकट त्या रंगानंच खाल्ली होती. तांब्याच्या रंगाखाली कागद असाच जळतो. ती पानं हातानं न उचलता खाली पुठ्ठा सरकवून हलवली. आणि ओलं फडकं कशालाही लावायचं नाही. काजळ आणि डिंकाची शाई कागदावर नुसती बसलेली असते, पाण्यानं सरळ निघते. नातवंडांनी कोरडं फडकं वापरलं होतं, याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

दुपारी दोनच्या सुमारास रामविजयाचं समाप्तीचं पान हाती आलं. ‘शके १७७’ एवढंच वाचता येत होतं, चौथा अंक कसरीनं खाल्लेला. पुढे मात्र ‘पिंगळनाम संवत्सरे, भाद्रपद’ स्वच्छ होतं. शकात १२ मिळवून ६०नं भागलं की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. पिंगळ ५१वा. १७७९ अधिक १२ म्हणजे १७९१, बाकी ५१. त्या दहा वर्षांत दुसरा कुठलाच शक बसत नाही. महिना भाद्रपद, म्हणून ७८ मिळवायचे : १८५७. पौष, माघ किंवा फाल्गुन असता तर ७९ मिळवायची वेळ आली असती.

खाली ख-२ फळीवर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती होती, तीही १८५७ची. मुंबईत हजारभर पानांचा कोश खिळ्यांवर छापून होत होता, त्याच वर्षी कोकणात कुणीतरी बोरू घासून श्रीधराच्या ओव्या उतरवत होतं. दोन्ही एकाच घरात आले आणि टिकले.

कपाटांचं काम त्यामानानं झटपट झालं. मराठी ज्ञानकोशाचे खंड, इंग्रजी संच, कातडी बांधणीची शालेय बक्षिसं ही दिसायला भारी, पण बहुतेक जुन्या ग्रंथालयांत असतात. खरं मोल तळाच्या फळीवरच्या गठ्ठ्याला होतं : पंचांगं, नाटकांची पातळ पुस्तकं, शाळेची क्रमिकं, मासिकांचे सुटे अंक. १८६७च्या कायद्यानं छापील पुस्तकांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधीच्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. गठ्ठ्यात तशी चार निघाली. एकाच्या शेवटी आश्रयदात्यांची यादी शाबूत होती. ही यादी आणि शुद्धिपत्र आधी बघायचं, कारण बांधणी करणारे नेमकी हीच पानं टाकून देतात. पुस्तकात सापडलेली पत्रं, पावत्या, पिंपळाचं पान जागेवरच ठेवून पृष्ठांक यादीत लिहिला. क्रमांक चिठ्ठीवर पेन्सिलीनं, पुस्तकावर काहीही नाही.

वयावरून कागदाची ताकद ठरत नाही. पोथ्यांचा हातकागद वळवला तर अजून वळतो आणि १९२० सालचं मासिक कोपरा दुमडला की तुटतं, कारण लाकडी लगद्यातलं आम्ल त्याला आतून खातं. ते अंक उभे न ठेवता दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवे बांधले. ११ पुस्तकांत गोल भोकं आणि ताजी पिवळसर भुकटी होती, म्हणजे कीड जिवंत. ती दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बंद करून वेगळ्या खोक्यात. ती वाचनालयात न जाता थेट शीतपेटीत उणे २० अंशांवर दोन आठवडे राहतील आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

यादीत हस्तलिखितं वेगळ्या भागात लिहिली. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांवरचं ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. दोन प्रती, दोन्हींवर आजींची आणि आमची सही.

संध्याकाळी सहापर्यंत रामविजयाची ३१८ पानं, शिळाछाप हरिविजयाची २९४, त्रुटित गुरुचरित्राची ७६ आणि स्तोत्रांची ४५ लागली. बासनं वाळली होती, पण धुतल्यावर कापडात साबण राहतो, म्हणून पोथ्या कोऱ्या मांजरपाटात बांधल्या आणि फळ्या ज्याच्या त्याला लावल्या. नऊ पानं कुठेच बसेनात. आकडा नाही, समास नाही, ओवी अर्धी. ती नऊ पानं एका लिफाफ्यात, त्यावर ‘माळा, अनिर्णित, ९ पत्रे’ असं पेन्सिलीनं लिहून यादीत शेवटचा क्रमांक दिला आणि टेम्पो निघाला.